माझ्या कातडीचं गाऱ्हाणं

वेंगुर्ले,
त्रिपुरी पौर्णिमेचा दुसरा दिवस, २००४

प्रिय आल्बर्टबाब,

भिकाजीचा मनापासून नमस्कार. तू, कार्मेलिना आणि मुलं सुखात आहात असं धरून चालतो. तुझा गुडघा कसा आहे ते कळव. आमच्याकडे सगळे बरे आहेत, म्हणजे मी सोडून सगळे. माझं काय झालं हे वेंगुर्ल्यापासून रेडीपर्यंत ज्याला कान आहेत त्याला माहीत आहे, आणि रेडीहून गोवा काही लांब नाही. तेव्हा तिखटमीठ लावलेलं तुझ्या कानावर पडण्याआधी खरं काय ते माझ्या हातचं वाच. (कार्मेलिनाला इथपर्यंतच वाचून दाखव. पुढे बोटीचा हिशेब आहे म्हणून सांग.)

दसरा झाला आणि माझी लघवी तुंबली. मुतखडा. इथल्या एका खाजगी दवाखान्यात गेलो तर डॉक्टर मेव्हण्याच्या साखरपुड्याला फोंडाघाटला गेलेले, आणि कंपाउंडर राजा झालेला. त्याने नळी घातली. आता नळी घालताना लिंगाच्या टोकावरची कातडी मागे सारावी लागते, हे मला मान्य आहे. पण मागे सारलेली कातडी काम झाल्यावर परत पुढे आणायची असते, हे त्याला मान्य नसावं. मी इतकी वर्षं बोट बांधल्याशिवाय घरी गेलेलो नाही. हा गृहस्थ हात धुऊन चहाला गेला. कातडी मागे रबरासारखी आवळून बसली, म्हणून टोक सुजलं. टोक सुजलं म्हणून कातडी पुढे येईना, आणि ती येईना म्हणून सूज आणखी वाढली. संध्याकाळी घरून फोन केला तर म्हणतो, नळीने थोडी सूज येतेच, काळजी करू नका. काळजी त्याने कशाला करायची, जागा माझी होती.

मथुरेने (माझी बायको दुसऱ्याच्या दुखण्यावर तात्काळ डॉक्टर होते, हे तू जाणतोस) कोकमाचं तेल गरम करून शेक दिला. टाच फुटली तर हे तेल उत्तम. इथे त्या शेकाने सूज दुप्पट झाली आणि मी घरात असा ओरडलो की शेजारचा कुत्रा परसातून पळाला. सकाळी पुतण्या सुदेशने मला रिक्षात घालून बाजारातल्या नव्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मुलीच्या वयाच्या बाई. मला वाटलं धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. त्यांनी एकदा पाहिलं आणि आधी मलाच झापलं. रात्रभर कशाची वाट बघत होतात, म्हणाल्या. अडकलेली कातडी म्हणजे तातडीचं काम, टोकाचा रक्तपुरवठा बंद झाला की ते काळं पडतं, मग वाचवता येईलच असं नाही. मी शुद्ध मराठीत माफी मागितली. चूक कंपाउंडरची, माफी माझी.

मग त्यांना बर्फ हवा होता. वीज गेलेली, फ्रिज बंद. सुदेश जेटीवर धावला आणि बोटीवरचा चुरा केलेला बर्फ टोपलीभर घेऊन आला, त्यात दोन बांगडे. बाईंनी बांगडे बाजूला ठेवले, नळी काढली, बर्फ फडक्यात बांधून लावला, आणि मग सुजलेलं टोक मुठीत धरून दाबत राहिल्या, म्हणजे सूज मागे ओसरावी. मी बेशुद्ध पडू नये म्हणून सुरमईचा भाव विचारत होत्या. शेवटी अंगठ्यांनी टोक आत ढकललं, बोटांनी कातडी पुढे ओढली, आणि ती आली. नाही आली तर बारीक छेद द्यावा लागतो, हे त्यांनी नंतर सांगितलं, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. मी रडलो रे. त्याची मला लाज वाटत नाही. खडा पुढे आपोआप पडला.

गोष्ट इथे संपायला हवी होती. चौघांना माहीत, चौघांत राहिली असती. पण मथुरेने रवळनाथाला नारळ बोलला होता. काल देवळात गेलो तर जत्रेच्या बैठकीला अख्खा गाव जमलेला. गाऱ्हाणं घालायला गणपत गावकर, ज्याचा आवाज भरतीच्या वेळीसुद्धा जेटीवर ऐकू येतो. मला वाटलं तो 'तब्येत' म्हणेल. सभ्य माणसं 'तब्येत' म्हणतात. पण मथुरेने त्याच्या कानात सगळं सांगितलं, का तर देवाला अर्धवट सांगितलं तर देव भलतंच बरं करील. आणि तो सुरू झाला:

"बा देवा रवळनाथा म्हाराजा, ह्या मथुरेन आज तुझ्याकडे नारळ ठेवल्यान हा. तिच्या घोवाची पुढची कातडी मागे जावन अडाकली हुती. ती आता पुढे इली आसा, ती पुढेच रवांदे, परत मागे अडकाची नाय, असा कर रे म्हाराजा."

आणि सगळा गाव एका सुरात, "व्हय म्हाराजा."

आल्बर्टबाब, माझ्या बापाच्या बाराव्याला एवढे लोक नव्हते. आज जेटीवर गेलो तर मासे विकणारी रुक्मिणी भर लिलावात विचारते, "भिकाजी, आता पुढेच आसा मां?" लिलाव थांबला. पोरं चिडवतात, म्हातारे उपाय सांगतात. बोट मी चालवतो, लोकांना पगार मी देतो, आणि आता मी बोलायला तोंड उघडलं की समोरचा माझ्या तोंडाकडे बघत नाही. मथुरेशी मी अबोला धरला आहे. तिला तो अजून कळलेला नाही. गणपताचं तोंडही मी या जन्मी बघणार नाही.

मुलांना आशीर्वाद.

तुझा,
भिकाजी

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहिलं. डॉक्टरीणबाई म्हणतात, एकदा अडकली ती पुन्हा अडकू शकते, सूज पूर्ण उतरली की छोटं ऑपरेशन करून कातडी काढलेली बरी. इथे केलं तर त्याचंही गाऱ्हाणं होईल. तू तिथल्या इस्पितळात कारकून आहेस, तर एक तारीख आणि एक खाट बघ. घरी डोळ्याचं ऑपरेशन सांगतो.

ता. क. दोन खाटा बघ. पाकीट बंद करत होतो तोच गणपत गावकर मागच्या दाराने आला. त्याला साखरेचा आजार. कातडी चिरून चिरून इतकी आवळली आहे, की मागे गेली तर पुढे यायला दिवस जातो. दोन वर्षं सोसतोय. बायकोला सांगितलेलं नाही, देवालासुद्धा नाही. काल देवळात माझं ऐकलं तेव्हा त्याला कळलं, की याला औषध असतं. म्हातारा उंबऱ्यावर बसून रडला. मी त्याला चहा दिला. तो ऑपरेशनला तयार आहे, पण निघण्याआधी देवाला गाऱ्हाणं घालायला हवं म्हणतो, आणि स्वतःचं स्वतःला घालता येत नाही, म्हणून ते मी घालावं. देवळात कुणी नसताना, हळू आवाजात.

घालीन म्हटलंय. आवाजाचं अजून ठरवलेलं नाही.