साळूबाईचा अर्ज

श्रीरामपूर,
बुधवार, ४ मार्च २०२६

चि. रेबा हिस,

सप्रेम सलाम. आम्ही दोघं इकडे बरे आहोत. तुम्ही तिकडे बरे असालच, कारण नसतात तर तुझ्या जास्मिनवहिनीच्या मोबाईलवर तुझा अर्ध्या तासाचा निरोप येऊन पडला असता. सॅमचं लग्न जूनमध्ये ठरल्याचं कळलं. होणाऱ्या सूनबाईंना तू हळद म्हणजे काय ते समजावलंस आणि त्यांनी "डाग जातात का?" एवढंच विचारलं, हे ऐकल्यापासून जास्मिनला ती मुलगी फार आवडू लागली आहे. मामाशिवाय हळद लागायची नाही, हा तुझा हुकूम मिळाला. निमंत्रणपत्रही मिळालं. मराठी शाळेतून शिकून इतकं रुबाबदार इंग्रजी तू कुठून आणलंस? 'माझे थोरले बंधू, संस्कृतचे अध्यापक' वाचून मी खुर्चीत जरा ताठ बसलो.

अकरा वर्षांत मी तुला पत्र लिहिलं नाही, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणून टाकतो. कारणं होती. सध्या अर्जाचं बोलू.

एस.टी. स्टँडसमोर आमच्या करणचं व्हिसाचे अर्ज भरून द्यायचं ऑफिस आहे. दहावीला माझ्याकडे संस्कृतला पस्तीस मिळवून गेलेला मुलगा. व्याकरणात करण म्हणजे साधन. हाही साधनच आहे, फक्त हे साधन प्रश्न फार विचारतं. त्यानं आपल्या दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले शेजारी शेजारी ठेवले, बराच वेळ पाहिले आणि हळूच विचारलं,

"सर, रागावू नका. तुमी दोघं सख्खे ना?"

माझी जन्मतारीख १४ डिसेंबर १९६८. तुझी १ जून १९६९. आपल्या आईनं साडेपाच महिन्यांत दोन बाळंतपणं उरकली होती, ही गोष्ट इतकी वर्षं कुणाच्या ध्यानात आली नाही. हेडमास्तर ज्या पोराची तारीख ठाऊक नाही त्याला १ जून लावत, हे तुला माहीत आहे. पण वर्ष का चुकलं, ते तुला कदाचित माहीत नसेल. साडेसहा वर्षांचा मी तू शेजारी असल्याशिवाय शाळेत बसेना. तीन दिवस गावभर ओरडलो. मग आईनं पावणेचार वर्षांच्या तुला उचललं, हेडमास्तरांपुढे उभं केलं आणि म्हणाली, "हिला बी सा वर्सांची लिहा, म्हंजे हा गप बसंल." त्यांनी लिहिलं. तेव्हा तू नोकरीतून सव्वादोन वर्षं आधी निवृत्त होशील, त्याचं खापर माझ्यावर फोड.

करण म्हणाला, असे कागद गेले तर नात्याचाच संशय घेतील. म्हणून पाळकसाहेबांकडे गेलो. चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदवहीत दोघंही सापडलो. तुझा जन्म ३ ऑक्टोबर १९७१. आईबापांची नावं तीच, फक्त आईचं नाव एकदा 'साळुबाई' आणि एकदा 'सालोमी (साळूबाई)' असं आहे. पाळकसाहेबांनी दोन्हीचा उतारा शिक्क्यासह दिला आणि वर म्हणाले, "गुरुजी, आज तुमची बहीण कायदेशीर लहान झाली." माझ्या जुन्या कागदांवर जिल्हा अहमदनगर, नव्यांवर अहिल्यानगर. अधिकाऱ्याला वाटेल मी कुठून तरी कुठे तरी स्थलांतर केलंय. मी तर उठून पाणीसुद्धा घेतलेलं नाही.

शाळेचं ना-हरकत पत्र आलं. बँकेचे कागद आले. २७ तारखेला पुण्याला बोटांचे ठसे द्यायचे आहेत. करणच्या माहितीपत्रकात एक-दोन रकाने राहिलेत, ते भरून टाकू.

पत्राच्या पानांचे फोटो जास्मिन पाठवेल. मूळ प्रत टपालानं.

तुझा,
दादा


श्रीरामपूर,
बुधवार, ११ मार्च २०२६

रेबा,

हे फोटो मी स्वतः काढून पाठवतोय, त्यामुळे कडा कापल्या जातील. मजकूर कापला जाणार नाही, याची काळजी घेतली आहे. जास्मिनला सांगितलंय, या वेळी मध्ये पडू नकोस. तशीही ती चार दिवस माझ्याशी बोलत नाहीये. जेवण वाढते, आणि "भाजी हवी का?" हे भिंतीला विचारते.

मागच्या पत्रात रकाने राहिलेत असं मी लिहिलं होतं. एकच राहिला होता. तुझा त्यावरचा निरोप मी ऐकला. खरं तर जास्मिननं तो मुद्दाम स्पीकरवर लावला. "वहिनी, दादाला म्हणावं, आईला व्हिसा नाकारला होता ते लिहायला विसरू नकोस. लपवलं तर त्यावरूनच नाही म्हणतात."

शनिवारी आम्ही करणकडे गेलो. प्रश्न असा होता: कुटुंबातील कोणाला पूर्वी व्हिसा नाकारण्यात आला आहे काय? जास्मिन म्हणाली, "हो लिही रे करण. आमच्या सासूबाईंना, दोन हजार चौदा साली."

मी म्हणालो, "नाही लिही."

"अहो, असं काय करता? लपवायचं नाही म्हणाली ना ती?"

"लपवत नाहीये. नाही, हेच खरं आहे."

करणनं पेन खाली ठेवलं. "सर, नक्की काय लिहू?"

"नाही."

घरापर्यंतची दहा मिनिटं जास्मिन माझ्या चार पावलं पुढे चालली. दाराला कुलूप तसंच ठेवून तिनं विचारलं, "मग आईंचं काय झालं होतं?" मी तिला पायरीवर उभ्या उभ्या सांगितलं. आता तुला सांगतो. तुला आधी सांगायला हवं होतं. अकरा वर्षं आधी.

आईचा अर्ज गेलाच नाही.

तू पाठवलेले सगळे कागद नीट पोचले होते. तिचा पासपोर्ट आला होता. अर्जावर तिनं अंगठा न उठवता सही केली, आठ दिवस सराव करून. महिला मंडळात तिनं सांगून टाकलं होतं की रेबाकडे चालले, तिथं पानी बर्फासारखं आसतंय. फाईल मी मुंबईला नेऊन द्यायची होती. सकाळच्या गाडीनं मी नगरला गेलो. मुंबईची गाडी लागली, सुटली. मी स्टँडवर बसून होतो. पुढचीही सुटली. मग मी एक चहा घेतला आणि श्रीरामपूरच्या गाडीत बसलो. फाईल माझ्या पुस्तकांच्या कपाटात, वरच्या फळीवर, कोशांच्या मागे ठेवली. आमच्या घरात कोशांमागे कुणी हात घालत नाही.

तीन आठवड्यांनी तिला सांगितलं, आई, नाही म्हणाले.

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "माज्यात काय खोट दिसली रं त्यास्नी?" मी म्हणालो, वय. ती म्हणाली, "मंग बरोबर हाय. म्हाताऱ्या मान्साचा काय भरवसा?" आणि तांदूळ निवडत राहिली. त्याच संध्याकाळी मी तुला फोन करून तेच सांगितलं. तू त्या लोकांना फार वाईट बोललीस. मी 'हो, हो' म्हणत होतो.

का केलं, हे विचारशील. उत्तरं मी पुष्कळ तयार करून ठेवली होती. तिचं हृदय कमकुवत होतं, थंडी सोसली नसती, सोबत नव्हती. सगळी उत्तरं व्याकरणशुद्ध आहेत. करण मला सारखा सांगतो, "सर, अधिकाऱ्याला एकच भीती असते, माणूस परत येणार नाही. तेवढं पटवा." रेबा, मलाही तेवढीच भीती होती. तू फोनवर तिला म्हणायचीस, "आई, आवडलं तर राहा इथंच." आणि ती हसायची. ते हसणं मी ऐकायचो. ती गेली असती तर राहिली असती, आणि त्या घरात मी कुणाचाच उरलो नसतो. लग्न झालेला, पंचेचाळिशीचा, तीनशे पोरांचा गुरुजी. जास्मिनलाही हे मी कधी सांगितलं नव्हतं. तिच्या अबोल्याचं अर्धं कारण तेच असावं.

म्हणजे आईला नकार मिळाला होता, हे खोटं नाही. फक्त तो कुठल्या कचेरीतून आला नव्हता. तिचा अर्ज माझ्या टेबलावर आला, मी तिला एक प्रश्नही विचारला नाही, आणि नाही म्हणालो.

पुढच्या जानेवारीत ती गेली. तू चौथ्या दिवशी पोचलीस. कबरीवरची माती अजून बसली नव्हती. तू तिथं उभी राहून म्हणालीस, "त्या लोकांनी मला माझी आई दाखवली नाही." मी तुझ्या शेजारी उभा होतो. पाळकसाहेब, मंडळी, सगळे होते. तेव्हा एक वाक्य बोलायला हवं होतं. मी छत्री उघडली. ऊन होतं म्हणून.

त्यानंतर तुझा फोन आला की मी तो जास्मिनच्या हातात द्यायला लागलो. तू तिला दर नाताळाला विचारायचीस, "दादा माझ्यावर का रुसलाय गं?" ती म्हणायची, त्यांचा स्वभावच तो. तू माझ्यासाठी शर्ट पाठवलेस, औषधं पाठवलीस, माझ्या रुसव्याचं कारण स्वतःत शोधत बसलीस. मी ते सगळं घेतलं. शर्ट नीट बसतात.

निमंत्रणपत्राबरोबर तू जास्मिनला चिठ्ठी पाठवलीस, थंडीचा कोट विकत घेऊ नका, आईसाठी घेतलेला आहे, लेबलसुद्धा काढलेलं नाही. मागचं पत्र पाठवल्यावर ती चिठ्ठी मी वाचली, त्या दिवशीच ठरवलं. त्याआधी आठ दिवस मी बेत करत होतो की गुपचूप यावं, हळद लावावी, जेवावं, आणि निघायच्या आदल्या दिवशी जमलं तर सांगावं. 'जमलं तर' हे माझं आयुष्यभराचं क्रियापद आहे.

आता माझं ठरलेलं ऐक.

तुझं निमंत्रणपत्र मी फाईलमधून काढून या पत्राच्या मूळ प्रतीबरोबर परत पाठवतोय. ते तू ज्या भावाला लिहिलंस त्याच्याबद्दल तुला पुरतं ठाऊक नव्हतं. अशा कागदावर मी देशाबाहेर पाऊल टाकणार नाही. करण डोक्याला हात लावून बसलाय. "सर, हेच तर मेन डॉक्युमेंट हाय! अख्ख्या फाईलीत एवढंच भारी हुतं!" मी त्याला म्हणालो, म्हणूनच.

हे वाचूनही मला बोलवावंसं वाटलं तर नवं पत्र लिही, आजच्या नंतरच्या तारखेचं. थोरले बंधू वगैरे विशेषणं नकोत. २७ च्या आत आलं तर पुण्याला घेऊन जाईन. जास्मिनचं निमंत्रण वेगळं काढ, तिचा यात काही दोष नाही, आणि ती मामाच्या जागी उभी राहून हळद लावायला समर्थ आहे. तिनं काल भिंतीला तसं सांगितलंही.

आणि बोलवावंसं वाटलं नाही तर लग्नात मी दिसणार नाही. सॅमला काय सांगायचं ते तू ठरव, खरं सांगितलंस तरी माझी हरकत नाही. पण त्यामुळे मी अर्ज करायचा थांबेन असं समजू नकोस. जुलैतल्या प्रवासाचा करीन. निमंत्रण नसलं तर निमंत्रणाशिवाय करीन. प्रवासाचा उद्देश या रकान्यात करण म्हणतो, 'पर्यटन' लिहा, सुटसुटीत असतं. मी लिहिणार आहे: बहिणीची क्षमा मागणे. तो म्हणतो, असलं काही लिहिलं की हमखास नाकारतात. नाकारू देत. डिसेंबरात मी निवृत्त होतोय, मग माझ्याकडे अर्ज भरण्याखेरीज दुसरं कामही नाही. दुसरा भरीन, तिसरा भरीन. तुझ्या शहरात उतरलो की तुझ्या घरासमोर उभा राहीन. दार उघडायचं की नाही हे तुझं. मी तुला दाराच्या अलीकडून मराठीत एवढंच सांगेन, जे वर लिहिलंय. कागदावर सांगणं सोपं आहे, म्हणून ते पुरेसं नाही.

आईची फाईल कपाटातून काढून समोर ठेवली आहे. तिची सही तू पाहिलेली नाहीस. 'साळूबाई' या चार अक्षरांत शेवटचं अक्षर रेघेच्या बरंच खाली घसरलंय, पण सही पक्की आहे, कुठे खोडलेली नाही. ही फाईल मी टपालानं पाठवणार नाही. ती तुझ्या हातात द्यायची आहे.

उत्तराची वाट पाहणारा,
अर्जदार

आमोस