देवेंद्रच्या लाल गाडीचे ब्रेक आणि मामाजींची प्रतापगडची फेरी

कुडवा, गोंदिया
मंडईनंतरचा दुसरा गुरुवार

आदरणीय चंद्रकुमारभाऊ यांस दुधरामचा नमस्कार. (नमस्कार बसूनच करतो आहे, रागावू नका. कंबर धरली आहे. ती कशाने धरली ते पुढे येईलच.)

ताईंचे गुडघे कसे आहेत? तुमची साखर ताब्यात आहे का, की शाळेतून निवृत्त झाल्यापासून चहात पुन्हा दोन चमचे सुरू झाले? इकडे चंदा बरी आहे, मुले बरी आहेत, धान घरी आले, गॅरेज चालू आहे. बरा नाही तो मी एकटाच, आणि माझ्या दुखण्याचा रंग लाल आहे. फोन केला असता, पण चंदाचे कान तुम्हाला ठाऊकच आहेत. ती स्वयंपाकघरात असली तरी माझ्या फोनवर पलीकडचा माणूस काय बोलला तेसुद्धा मला सांगते. म्हणून पत्र. वाचून झाले की चुलीत घाला. (तुमच्याकडे गॅस आहे, तरी काहीतरी करा.)

तर, आपण तिघे साडू. थोरले तुम्ही, मधला मी, धाकटा देवेंद्र. तुम्हाला यंदा दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला सासुरवाडीला, सौंदडला, येता आले नाही, म्हणून तुम्ही सुखी आहात. देवेंद्र रायपूरहून आणलेली लाल गाडी घेऊन आला. कोणत्या कंपनीची ते लिहीत नाही. सहा सेकंदांत शंभरचा वेग घेते म्हणे. घेत असेल. आपल्याकडे पाचव्या सेकंदाला म्हैस येते. गाडी इतकी ठेंगणी की उतरलेला माणूस आधी रांगतो आणि मग उभा राहतो. पण भाऊ, खोटे कशाला बोलू, चाकांच्या आरांतून तिच्या ब्रेकच्या डिस्का जेवायच्या ताटाएवढ्या चमकत होत्या आणि त्यांना मिठी मारून बसलेले कॅलिपर कुंकवासारखे लाल होते. बावीस वर्षे मी दुसऱ्यांच्या ब्रेकमध्ये हात घालतो आहे, असे ब्रेक माझ्या हाताखाली कधी आले नाहीत. आणि ते आले कोणाकडे, तर ज्याला स्टेपनी कुठे असते हे विचारावे लागते त्याच्याकडे! मला हेवा वाटला. खूप वाटला. कोणी विचारले तर मात्र नाही वाटला म्हणून सांगा.

नुसत्या गाडीचा हेवा मी गिळला असता. पण तुम्हाला माहीत आहे, मंडई आटोपली की आपले सासरे, मामाजी, आपल्या जिल्ह्यातल्या प्रतापगडच्या पहाडीवर जातात. (महादेवालाही हात जोडतात आणि दर्ग्यावरही डोके टेकतात, एकाला झुकते माप नाही.) नऊ वर्षे त्यांना मी माझ्या जीपने नेतो. पुढे आम्ही दोघेच बसतो. वाटेत कोणाच्या बांधीत, म्हणजे शेतात, कोणते धान होते ते ते सांगतात, मी हो हो म्हणतो, पहाडीच्या पायथ्याशी ते मुरमुऱ्याचा पुडा सोडतात आणि अर्धा माझ्या ओंजळीत ओततात. वर्षभर मी त्यांचा दुधराम असतो, त्या एका दिवशी 'बापू' होतो. माझे वडील मी तिसरीत असताना गेले, त्यामुळे त्या पुड्याची किंमत मला जास्त आहे, एवढेच. आणि यंदा भर पंगतीत मामाजी म्हणाले, "औंदा देवेंद्राच्या गाडीनं जाऊन पाहू." माझ्या तोंडात वडा होता. तो तसाच राहिला.

म्हणून दोन दिवसांनी देवेंद्र गाडी घेऊन माझ्या गॅरेजच्या दारात उभा राहिला तेव्हा मला झालेला आनंद तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तो म्हणाला, "दुधरामभाऊ, ब्रेक मारला का गाडी उजव्या अंगाले वढून राह्यली जी. अन् कधी कधी अशी चावते, का समोरच्या काचेवर कपाळ जाते." मी चेहरा शक्य तितका लांब केला आणि म्हटले, चक्कर मारून पाहू. मीच चालवायला बसलो. (बसलो म्हणजे निजलो. कंबर तिथेच गेली.) रस्त्यावर बकरी आडवी आली, मी ब्रेकवर पाय ठेवला, आणि गाडीने बकरी सोडून उजवीकडच्या न्हाव्याच्या दुकानाकडे तोंड केले. थांबली ती त्याच्या खुर्चीपासून वीतभर अलीकडे. खुर्चीतले गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने उठून पळाले ते अजून उरलेली अर्धी करायला आलेले नाही. न्हावी माझ्यावर ओरडला, "अबे, दाढी करानं है या एक्सिडेंट?" देवेंद्रचा चेहरा पांढरा पडला होता. माझाही पडायला हवा होता, पण मी मनात मामाजींच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसलो होतो.

गाडी वर उचलली. आजार मोठा निघावा अशी माझी मनापासून इच्छा होती. डिस्क वाकडी असेल म्हणून फिरवून मोजली, ती सरळ. कॅलिपरच्या पिना अडकल्या असतील म्हणून काढल्या, त्या लोण्यातून निघाव्यात तशा निघाल्या. नळी फुगली असेल, पिस्टन परत येत नसेल, ब्रेकच्या तेलात पाणी गेले असेल, टायरची हवा कमीजास्त असेल, एकेक पाहिले आणि एकेक वेळा निराश झालो. इतकी निरोगी गाडी मी पाहिली नाही आणि मला तिचा आणखीच राग आला. शेवटी पुढच्या डाव्या चाकाजवळ नाक नेले, तर शनिवारी मारुतीच्या देवळात येतो तोच वास. डिस्कला चिमटीत धरणारा ब्रेकचा पॅड काढून पाहिला. काळपट, चकाकणारा, मध्ये नारिंगी पट्टा. तेल आणि शेंदूर!

सासूबाईंना फोन लावला. त्यांनी मंडईच्या सकाळी गाडीची पूजा केली होती. नारळ, लिंबू, सगळे रीतसर. मग आरांतून त्यांना ती डिस्क दिसली. "येवढं चकचकीत ताट देल्लं देवानं, त्याले सुनं काऊन ठेवाव बापा?" म्हणून त्यांनी आत हात घालून तेलात कालवलेल्या शेंदराने त्यावर चांगले बोटभर जाड स्वस्तिक काढले. मागच्या चाकाला का नाही? तर मागे ताट लहान होते. आणि उजव्या चाकाला? तिकडे तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, ढीग होता, हात पोचला नाही. झाले! डावा ब्रेक तेलकट, उजवा कोरडा. दोन माणसांनी बैल धरावा, एकाच्या हाताला तेल असावे, तर बैल कोणाकडे जाईल? आणि ते तेल तापून पॅडवर जळाले की तो कुठे निसटतो, कुठे एकदम धरतो, त्यालाच देवेंद्र चावणे म्हणत होता. भक्तीने चाललेली गाडी भक्तीनेच न्हाव्याकडे वळली.

देवेंद्रला मी एवढेच सांगितले की दुखणे चिवट आहे, हिचे पॅड नागपूरहून मागवावे लागतील, बराच तपास करावा लागेल. राइस मिलवर जायला त्याची अडचण नको म्हणून माझी जीप त्याला दिली. (मनाचा मोठेपणा. ताईंनाही वाचून दाखवा.) तेव्हापासून तपास चालू आहे. तपास म्हणजे ट्रायल आलीच. ब्रेकची ट्रायल सकाळी थंडीत घ्यावी लागते, दुपारी उन्हात घ्यावी लागते, बाजाराच्या दिवशी गर्दीत घ्यावी लागते, आणि चंदाला तिच्या मैत्रिणीकडे सोडतानाही घ्यावी लागते. चौकात लोक विचारतात, "दुधराम, नई गाडी लिया क्या?" मी हो म्हणत नाही. आरसा नीट करतो. माणसाने खोटे बोलू नये.

बाकी सर्व क्षेम. ताईंना नमस्कार सांगा. शिळी पोळी खाऊ नका, फिरायला जात जा.

आपला मधला साडू,
दुधराम

ता. क. वर 'तपास चालू आहे' असे लिहिले आहे ते वाचू नका. नागपूरचे पॅड या सोमवारी नाही, त्याच्या आधीच्या सोमवारी आले. डिस्का धुतल्या, पॅड दोन्ही बाजूंना नवे घातले, मोकळ्या रस्त्यावर नेऊन हळूहळू तापवून बसवले. स्टिअरिंग सोडून ब्रेक मारला तरी गाडी सुतासारखी सरळ थांबते. असे काम माझ्या हातून पुन्हा होईल असे वाटत नाही. फक्त देवेंद्रला कळवायचे राहून गेले. नऊ दिवस राहून गेले.

आणखी ता. क. पत्र पाकिटात घालत होतो तेवढ्यात चंदा धाकट्या बहिणीशी, देवेंद्रच्या रिंकूशी, फोनवर बोलून आली. देवेंद्रने रविवारी मामाजींना प्रतापगडला नेले. माझ्या जीपने! त्या लाल गाडीबद्दल मामाजींनी मंडईतच रिंकूला म्हटले होते म्हणे, "बाई, हिच्यात बसाचं का निजाचं?" जीप दारात पाहून ते न सांगता पुढे चढून बसले. मुरमुऱ्याचा पुडा देवेंद्रच्या ओंजळीत गेला. मी इकडे त्याची गाडी घेऊन भाजीबाजारात आरसा नीट करत होतो. यालाच आपल्या पायावर धोंडा पाडून घेणे म्हणतात, आणि धोंडा जीपच्या वजनाचा आहे.

शेवटचे ता. क. खरे काम आता लिहितो. पहाडीवर मामाजींनी दोनदा विचारले, "माहा दुधराम काऊन नाही आला?" आणि त्या भोळ्या देवेंद्रने सांगितले की, दुधरामभाऊ माह्या गाडीपायी रात्रंदिवस खपून राह्यले, जेवाची शुद्ध नाही त्याहीले. हे ऐकून मामाजींनी तिथेच नवस बोलला की दुधरामाच्या हाताला यश दे, ब्रेकचा दोष सापडला की तो अनवाणी पहाडी चढून येईल. माझ्या वतीने बोलला, मला न विचारता. भाऊ, आजवर माझ्यासाठी कोणी नवस बोलला नव्हता, आणि बोलला तो अशा वेळी. चंदा हे सांगत होती तेव्हा मला तिच्याकडे पाहवले नाही.

तर कृपा करा. तुमचा फोन आला की देवेंद्र अजून उठून उभा राहतो. त्याला तुम्ही सांगा की दोष कालच सापडला, फार अवघड होता, आणि जीप ताबडतोब कुडव्याला पोचती करावी. मामाजींना सांगा की दुसऱ्यासाठी बोललेला नवस फेडताना बोलणाऱ्याला सोबत यावेच लागते, असे शास्त्र आहे. (तुम्ही हेडमास्तर होता, ते विश्वास ठेवतील.) येत्या रविवारी मी अनवाणी चढतो, कंबरेचे काय व्हायचे ते होवो. जीप मी चालवीन, पुढे मामाजी आणि मी, आणखी कोणी नाही. देवेंद्रला यायचेच असेल तर त्याने आपल्या गाडीने मागून यावे. ब्रेक चांगले आहेत.