चौदा नंबरला शेजारी नाही

११ मार्च
फूटपट्टी – सगळं मोजूनमापून करतो म्हणून मी ठेवलेलं नाव – विभागप्रमुख झाला! तेरा वर्षं महापालिकेचे नकाशे मी काढले, खुर्ची त्याला. वयाने, अनुभवाने माझ्याहून लहान. आल्या आल्या फर्मान – कावीळ तपासणीची पथकं कुठे पाठवायची ते संगणक ठरवणार. ज्या प्रभागात रुग्ण जास्त आणि शेजारच्या प्रभागांतही जास्त, तिथे पथक. शेजारी कोण? ज्यांच्या हद्दी एकमेकींना चिकटतात ते. शेजारी ओळखायला आता सॉफ्टवेअर!

१३ मार्च
यादी लागली. त्यात चौदा नंबरचा प्रभाग नाही. ताई तिथेच राहते. तिच्या मुलीचे डोळे चार दिवस पिवळे आहेत. फोनवर म्हणाली, "पंधरा नंबरात पथक आलं. रस्ता ओलांडला की आम्ही. आम्हाला वाळीत टाकलंय का?" बघते म्हटलं.

१४ मार्च
फूटपट्टीला जाब विचारला. चौदाला शेजारीच सापडत नाहीत, म्हणून तो गळला म्हणे. चारी बाजूंनी घरं, आणि शेजारी नाहीत! नियम तुमचा, तुम्हीच निस्तरा, असं तोंडावर सांगून आले. तो चष्मा पुसून पुन्हा संगणकाकडे वळला. थंड गोळा मेला.

१५ मार्च
ताईचे तीन फोन. घेतले नाहीत.

१७ मार्च
माझ्याकडची नकाशाची जुनी प्रत मोठी करत गेले. आणखी मोठी. चौदाच्या भोवती केसाएवढी फट! नुसत्या डोळ्यांना हद्द चिकटलेली दिसते, पण शेजारच्या रेघेला कुणी जोडलेलीच नाही. हे गबाळं काम कुणाचं, म्हणून नोंद उघडली.
माझं. सहा वर्षांपूर्वीचं. रजेवर जायच्या आदल्या दिवशी घाईघाईत उरकलेलं.
मागे फूटपट्टी उभा. हळूच म्हणाला, "तुम्ही भांडून गेलात त्याच दिवशी ही फट मला दिसली. बुजवली आहे. वरून सही मिळायला वेळ गेला, उद्या पथक जाईल." मग म्हणाला, "रेघ कुणाची ते अहवालात लिहिलेलं नाही."
आता याच्या उपकाराखाली राहायचं! लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग जास्त आला.

१८ मार्च
पथक गेलं. भाचीला त्याआधीच इस्पितळात हलवलं होतं. ती शुद्धीवर नाही. ताईने विचारलं, "चूक कुणाची होती गं?"
मी फूटपट्टीचं नाव सांगितलं.