खुणेच्या मागे काळंच

३ मार्च, सकाळ
ही वही माझी, माझ्यापुरती. आणि मला वाचता येत नाही. म्हणजे हिच्याइतकी सुरक्षित वही जगात दुसरी नसेल. तरीही उद्या चुकून लेकीच्या हाती पडली तर आधीच सांगून ठेवते: बाई गं, तू मागल्या खेपेला इथे चष्मा विसरलीस, त्याच्या आधी छत्री, त्याच्याही आधी स्टेशनवर नवरा. तेव्हा ओळख करून दिलेली बरी. मी तुझी आई. पाठी चोळते. डावखुरी.
लिहिते आहे माझी नणंद. चौथी पास, म्हणून घरात तिचं नाव मास्तरीण. माझी अट: सांगेन तेच लिहायचं. तिची अट: खोटं लिहिणार नाही. बघू कोण टिकतं.
वहीचं कारण, डावा अंगठा. नखात एक काळी रेघ आलीय, मुळापासून टोकापर्यंत, पेन्सिलीने ओढल्यासारखी. दार लागलं असणार. कधी ते आठवत नाही, पण घरात दारं आहेत म्हणजे लागलंच असणार. कातडीची डॉक्टरीण म्हणाली, मुळाचा बारीक तुकडा काढून तपासू, याच आठवड्यात. मी म्हटलं, बाई, चाळीस वर्षं याच अंगठ्याने लोकांच्या पाठी मोकळ्या केल्या, कातडीचं मला नका शिकवू. हसली नाही. माझं नख चिमटीत धरून मुळाशी कानशीने एक आडवी खूण केली. म्हणाली, नख मुळातून निघतं नि पुढे सरकतं. साकळलेलं रक्त असेल तर तेही खुणेबरोबर पुढे जाईल आणि मागे कोरं नख येईल. मागे काळंच येत राहिलं, तर ते रक्त नव्हे. मी तपासणीला नाहीच म्हणाले, तेव्हा कुठे तीन आठवडे दिले. रोज बघा, रोज लिहा.
निश्चय: रोज बघणे. अंगठ्याला विश्रांती. तीन आठवड्यांनी कोरं नख डॉक्टरणीच्या नाकासमोर धरणे.

५ मार्च
तीन गिऱ्हाइकं. अंगठा वापरला. कोपराने पाठ दाबता येते, पण कोपराला दिसत नाही. अंगठ्याला दिसतं.
दवाखान्याच्या भिंतीवर कातडीचं चित्र होतं. तीन थर. वरचा मेलेला, रोज झडणारा. मधल्यात घामाच्या नळ्या, केसांची मुळं, दुखलंखुपलं कळवणारे तंतू. खाली चरबीची गादी. गादी मला ठाऊक आहे. माझ्या जुन्या गिऱ्हाईक शिंपीणबाईंची तर दुहेरी आहे. आणि नख म्हणे सगळंच मेलेलं. जिवंत काय ते मूळ, त्या पांढऱ्या चंद्रकोरीखालचं. म्हणजे जन्मभर माणूस मेलेलं पांघरून हिंडतो. मग त्यात एक रेघ काळी झाली तर एवढं सुतक कशाला?

९ मार्च, संध्याकाळ
लेकीने संत्री पाठवली. विसरली नाही, नवल. नख देठाशी रुतवलं आणि अख्खी साल एका पट्टीत काढली, कुठे तुटली नाही. मास्तरीण संत्रं सोलते म्हणजे उंदराने कपाट कुरतडावं तसं. मी अंगठा तिच्यासमोर नाचवून विचारलं, हे नख आजारी दिसतं का? म्हणाली, काळं दिसतं.

१६ मार्च
फोनचं नवं सिम घ्यायला गेलो. सहीच्या जागी मी अंगठा देते, कायमची. दुकानदाराच्या यंत्राने तो चारदा नाकारला. म्हणाला, आजी, रेघा झिजल्यात, इथे काही उरलंच नाही. मी म्हटलं, गावभरच्या पाठींवर उरलंय, तिकडे यंत्र लाव. शेवटी मास्तरणीच्या नावावर घेतलं.
नख: बघायचं राहिलं.

२४ मार्च
तीन आठवडे झाले. खूण तांदळाच्या कणीएवढी पुढे सरकली. मी म्हटलं, लिही, मागे किंचित उजळ आहे. मास्तरणीने पेन खाली ठेवलं. म्हणाली, वहिनी, मागे काळंच आहे. मी म्हटलं, तुझ्या डोळ्यात मोतीबिंदू. ती म्हणाली, तो डाव्यात, मी उजव्याने बघतेय. शेवटी तडजोड: आज ढग होते. एवढं तिने लिहिलं, कारण ढग होते.
डॉक्टरणीकडे गेले नाही. शिंपीणबाईंची मान धरली होती. माणसाने कर्तव्य आधी बघावं.

१९ एप्रिल
नखाच्या कडेच्या कातडीवरही काळसर उतरलंय. केसांच्या कलपाचा डाग. मास्तरीण म्हणते, कलप मागच्या महिन्यात लावला, आणि तो मी लावला, तुम्ही नुसत्या बसला होता. मेलीला नको तिथे आठवतं.
नवा निश्चय: तेल कोमट करून अंगठा चोळायचा, दोन वेळा. माझ्या धंद्याचा एकच मंत्र: चोळलं की पांगतं.

२२ एप्रिल
आणखी एक उपाय सापडला. नेलपॉलिश. लाल. दहाही नखांना, म्हणजे एकटा अंगठा नटल्यासारखा दिसत नाही. काळं अजिबात दिसत नाही. तीन दिवसांत गुण.
मास्तरीण म्हणाली, एकाहत्तराव्या वर्षी? मी म्हटलं, वय झालं, हौस मेली नाही. तिने माझा हात हातात घेतला नि बराच वेळ सोडला नाही. चिकटेल म्हणून मीच ओढून घेतला.

१४ मे
शिंपीणबाई ओरडल्या. मानेला नख लागलं. नखाला मधोमध चीर गेलीय आणि खालून पाणी येतंय. पट्टी बांधली. त्या म्हणाल्या, मावशी, दाखवा की कुणाला तरी. मी म्हटलं, दाखवलंय, दार लागलंय. त्या म्हणाल्या, अजून? मार्चमध्ये लागलेलं? त्यांना म्हटलं, तुम्ही पालथ्या व्हा नि तोंड मिटा.

११ जून, आंघोळीनंतर
डाव्या बगलेत गाठ. वाटाण्याएवढी. चाळीस वर्षांत किती गाठी शोधल्या, मोजदाद नाही. दाबलं की दुखते आणि खालून सरकते, ती थकव्याची. ही दुखत नाही. सरकतही नाही.
थकव्याचीच आहे. अंगठ्याऐवजी कोपर वापरते ना, सगळा ताण तिथे चढला.
रोज चोळणे.
मास्तरणीने हे सगळं लिहून घेतलं, एकदाही पेन न ठेवता. हे तिचं लक्षण नव्हे.

२० जून
लेक दारात. न कळवता. तर प्रकार असा: मास्तरीण दर रविवारी, मी झोपले की, फोनवरून ही वही लेकीला वाचून दाखवते. पहिल्या पानापासून. छत्रीसकट, नवऱ्यासकट. मी म्हटलं, घरभेदी! म्हणाली, सांगाल तेच लिहायचं ठरलं होतं, वाचायचं नाही असं कुठे ठरलं होतं? तीन महिने ही मुलगी फोनवर माझी समजूत घालत होती आणि मी ‘रेंज नाही’ म्हणत होते, तो भाग मी वहीत घालायचं विसरले.
लेकीने उद्याची वेळ घेतलीय. डॉक्टरणीचा जुना कागद मास्तरणीकडून घेतला, वहीतल्या तारखा लिहून आणल्यात. चष्मा मात्र टॅक्सीत विसरली.

२१ जून
डॉक्टरणीने नेलपॉलिश पुसलं. भिंग धरून नख बघितलं. मग विचारलं, चोळत होता का? मी म्हटलं, छे. मास्तरणीने पिशवीतून वही काढली आणि एकोणीस एप्रिल वाचून दाखवला. मग अकरा जून. डॉक्टरणीने माझा हात वर केला, बगलेत बोटं घातली. तिचीही बोटं चांगली आहेत. लगेच सापडली.
नखाचा नि गाठीचा, दोन्हीचे तुकडे घेतले. मी विचारलं, दार लागल्याने असं होतं का? म्हणाली, नाही, आजी. दाराचा दोष नाही.

२ जुलै
नखाचं उत्तर आलं. कातडीला रंग देणाऱ्या पेशी असतात, त्याच बिघडल्या. कॅन्सर. अंगठा काढायचा. मी विचारलं, अर्धा? डॉक्टरीण म्हणाली, सांध्यापासून. मी विचारलं, तीन आठवड्यांनी आले असते तर? ती कागद चाळत राहिली.
लेक खिडकीशी जाऊन उभी राहिली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, पत्र्याची शेड होती.
सिस्टरने संमतीचा कागद आणला. मी सवयीने डावा अंगठा पुढे केला. ती म्हणाली, आजी, त्या हाताचा नको, दुखेल, उजवा द्या. मी म्हटलं, आजवर सगळीकडे हाच दिलाय. याच्याच जाण्याचा कागद आहे, यालाच विचारा. शाई लावली. कागदावर नुसता निळा डाग, एक रेघ नाही. सिस्टर म्हणाली, चालेल.

११ जुलै
मास्तरणीला म्हटलं, आजचं पान कोरं ठेव. म्हणाली, वही वाया जाते. मग लिही: हाताला पट्टीचा गोळा. नसलेला अंगठा खाजतो. काल झोपेत त्याने कुणाची तरी पाठ दाबत होते.
शिंपीणबाई येऊन गेल्या. मान दुसरीकडे दाखवतात. चांगला हात आहे म्हणाल्या, मग जीभ चावली.

१५ जुलै, दुपार
गाठीचं आणि पोटाच्या स्कॅनचं उत्तर आलं. मास्तरणीने विचारलं, वहिनी, लिहू? लिही. खोटं लिहिणार नाहीस, तुझी अट आहे, तूच टिकलीस. लिही: पांगलंय. यकृतातही आहे. चोळलं की पांगतं म्हणायचे ना मी.
दार लागलं नव्हतं. हेही लिही.
निश्चय: काही नाही.
लेक परवा परत गेली. येत्या रविवारी हे तिला फोनवर वाचलं जाणारच, तर मी झोपायची वाट बघू नकोस, माझ्यासमोर वाच. आणि सांग तिला, संत्री पाठव. चारच. सोलून पाठव.