आत बोललेलं बाहेर

सोमवार, १० नोव्हेंबर. कार्डिफ

ग्वेनलियन प्रॉसरची सुनावणी सुरू. फार्मासिस्ट. रविवारी डॉक्टर सापडेना, म्हणून कॅन्सरनं तळमळणाऱ्या म्हाताऱ्याला तिनं चिठ्ठीशिवाय मॉर्फिन दिलं. तेव्हापासून परवाना अडकलाय. चिप्सच्या दुकानात बटाटे सोलते. निकाल देणार तिघांची समिती. मी कायदेसल्लागार — बोलावलं की आत जायचं, कायदा सांगायचा, बाहेर यायचं. मत नाही. संस्कृतातलं अव्यय: वाक्यात असतं, पण ते चालवता येत नाही आणि त्याचं काही चालतही नाही.

मंगळवार

ती उभी राहिली. "दिलं मी. चूक कळते. काय ते या आठवड्यात होऊन जाऊ दे. पुन्हा पहिल्यापासून सांगायचं त्राण नाही माझ्यात."

बुधवार

दुपारी आतून बोलावणं. अध्यक्ष हॅवर्ड एकटेच; बाकी दोघी चहाला गेलेल्या.

"या पंडित." (माझं संस्कृत कळल्यापासून हेच नाव.) "बाई एकदाही रडली नाही. ते धरायचं का?"

"रडणं हा पुरावा नाही. न रडणंही नाही."

"बरं. माझी बहीण अशाच एका औषधवालीच्या चुकीनं गेली, म्हणून विचारलं. हे कायद्यातलं नाही हं, बोललो आपलं."

बोललो आपलं! आमचा नियम असा की सल्लागाराशी आत जे बोलणं होतं, ते बाहेर दोन्ही पक्षांसमोर सांगायचं. सांगितलं तर समिती मोडणार; तिला पुन्हा पहिल्यापासून. नाही सांगितलं तर बहिणीचा हिशेब हिच्या नावावर.

संध्याकाळी टॅफ नदीच्या काठानं दोन फेऱ्या मारल्या. बदकांपुढे दोन्ही बाजू मांडल्या. बदकं पाव मागत होती.

गुरुवार

सकाळी सगळ्यांसमोर सांगितलं. दोन वाक्यं.

हॅवर्ड लाल. "पंडित, चहाच्या गप्पा चावडीवर आणल्यात."

तिच्या वकिलानं लगेच नवी समिती मागितली. वकिलाला दुसरं काही मागताच येत नव्हतं. मिळाली. तारीख उन्हाळ्यातली.

ग्वेनलियननं पिशवी उचलली. दाराशी माझ्यापाशी थांबली. "तुम्ही नियमाप्रमाणे केलंत. मी नव्हतं केलं," म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता, तेच टोचतंय.

शुक्रवार

समितीतल्या ह्यूलवेनबाई पार्किंगमध्ये भेटल्या. काच खाली करून म्हणाल्या, "हे बोलू नये, पण आमचं बुधवारी संध्याकाळीच ठरलं होतं. आम्ही दोघी एकीकडे, हॅवर्ड एकटे. काल दुपारी निकाल वाचायचा होता. सोमवारी ती परत औषधांच्या दुकानात असती."