छतावरचा निळा शर्ट

दि. २ फेब्रुवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

बातमी आधी सांगते, नाहीतर पोटात राहायची नाही. माझी पहिली एकटीची लांब विमानफेरी ठरली, एकोणीस तारखेला सकाळी. आमच्या इन्स्ट्रक्टर सरांनी नकाशावर पेन्सिलने तीन रेघा ओढल्या, आणि पहिली रेघ जिथे संपते तिथे तुमचं, विमानांना वाट दाखवणारं रेडिओ केंद्र आहे. बाबा, मी तुमच्या डोक्यावरून जाणार. तिथे धावपट्टी नाही, त्यामुळे उतरता यायचं नाही. पण खाली तुम्ही आणि वर मी, एवढं तरी होईल.

दोन वर्षं झाली मला घरी येऊन. इथल्या सुट्टीत जेमतेम तुमच्यापर्यंत पोचेन, परत निघायला दिवस उरत नाही. म्हणून एक हट्ट करते. मी शिकायला निघाले त्या दिवशी तुम्ही बसपर्यंत आला नव्हतात. केंद्राचं मशीन बंद पडलं होतं, हे मला ठाऊक आहे. सोडायला आत्या आली. तरी बस वळेपर्यंत मी मान मागे वळवून बसले होते. या वेळी मात्र छतावर उभे राहा. निळा शर्ट घाला, म्हणजे वरून दिसाल.

आत्याला पत्र लिहाल तेव्हा माझा नमस्कार सांगा. लोभ आहेच, तो वाढवायला जागा असेल तर वाढवा.

तुमची,
ठकू

---

दि. ९ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र चार वेळा वाचलं. पाचव्यांदा राखणदाराला वाचून दाखवलं. तो म्हणाला, साहेब, आता तरी छतावरचा पसारा आवरा. आवरला.

आता थोडं बाप म्हणून नाही, मेकॅनिक म्हणून लिहितो. केंद्रापासून चहूकडे रेषा निघतात, सायकलच्या चाकाच्या तारांसारख्या. तू कुठल्या तारेवर आहेस एवढंच तुझी सुई सांगते. विमानाचं तोंड कुठे आहे याच्याशी तिला देणंघेणं नाही. माझ्याकडे येताना सुईशेजारच्या छोट्या खिडकीत ‘टू’ दिसेल. डोक्यावर आलीस की सुई बावचळेल, लाल झेंडी येईल, आणि पुढे गेलीस की ‘फ्रॉम’. केंद्र मध्येच बंद पडलं तरी हीच झेंडी येते. झेंडी दिसली तर सुईच्या मागे धावायचं नाही, नाक आहे तसं सरळ धरायचं. आणि सगळ्यात आधी, रेडिओवर केंद्राचा आकडा लावल्याबरोबर कानाने टिकटिक ऐकायची. प्रत्येक केंद्राची टिकटिक वेगळी. आमची तुला नव्याने सांगायला नको. ताटावर चमच्याने तीच वाजवून तुला जेवायला बोलवायचो.

इकडे सगळं रखडत चाललंय. एकतीस मार्चला केंद्र कायमचं बंद होणार, त्यामुळे सुटे भाग कुणी पाठवत नाही. लहरी सोडणारा मोठा सेट तापला की बसतो, बंदच पडतो. दुसरा आपोआप सुरू व्हायचा, तेही आता बिघडलंय. हाताने करावं लागतं. चाळीस सेकंद लागतात, आणि माझ्याशिवाय कुणाला जमत नाही. त्यात मशीनच्या खोलीला खिडकी नाही. पण सकाळी सेट सहसा तापत नाही, आणि तू सकाळची येणार. तेव्हा छतावर मी नक्की. तुझ्या आईची फुलाफुलांची चादरही पसरून ठेवतो. ती असती तर तिने मला वर चढूच दिलं नसतं, स्वतःच उभी राहिली असती.

जेवणाची हयगय करू नकोस.

तुझा,
बाबा

---

दि. २० फेब्रुवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

कुठल्या तोंडाने लिहू ते कळत नाही. मी काल आले नाही हे तुम्हाला छतावरच कळलं असेल. का ते सांगते.

आकडा लावताना दोन अंक उलटे झाले. सुई हलली, खिडकीत ‘टू’ आलं, आणि मी खूश. टिकटिक ऐकली नाही. आपल्याच घरची, लहानपणापासून पाठ, ती काय ऐकायची, म्हणून आवाज बारीक करून ठेवला होता. वीस मिनिटं मी दुसऱ्याच कुठल्यातरी केंद्राकडे अगदी काटेकोर सरळ उडत होते. उजवीकडे हवी ती नदी डावीकडे दिसली तेव्हा चूक कळली. नदी धरूनच परतले.

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं की तू काय ऐकलंस. मी म्हटलं, काहीच नाही. महिनाभर एकटीने उडायचं बंद.

तुम्ही किती वेळ उभे होतात, ते खरं खरं कळवा.

तुमची वाट चुकलेली,
ठकू

---

दि. २७ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दीड वाजेपर्यंत. मग राखणदाराने हाताला धरून जेवायला नेलं.

रागवायचं म्हणून कागद घेतला होता, पण जमत नाही. तू सुखरूप उतरलीस हे वाचलं आणि बाकीचं सगळं विसरलो. नदी ओळखलीस, परत फिरलीस, हे मला पुरे. सरांना माझा नमस्कार सांग. काय ऐकलंस हे विचारणारा मास्तर मिळायला भाग्य लागतं.

एकतीस तारखेला दुपारी बारा वाजता बटण मीच बंद करणार आहे. सव्वीस वर्षं याच बटणापाशी गेली. त्याआधी आलीस तर ये. घाई करू नकोस, हवा वाईट असेल तर मुळीच निघू नकोस. पण मनातलं सांगायचं तर, ठकू, मला तुला बघायचंय. नखाएवढी दिसलीस तरी चालेल.

चादर घडी करून ठेवली आहे.

तुझा,
बाबा

---

दि. २९ मार्च

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

बघितलं मी तुम्हाला. कार्डात कळवलं होतं तशी आज आले. उतरल्या उतरल्या कॅन्टीनच्या टेबलावर बसून लिहितेय.

आकडा लावला, आवाज मोठा केला आणि ऐकलं. तीच टिकटिक. खोटं नाही सांगत, बाबा, भूक लागली. मग सगळी वाट ती कानात चालू ठेवली. केंद्राच्या थोडं आधी एकदम लाल झेंडी आली. वाटलं, पोचले. खाली बघते तर नुसती झुडपं. तुम्ही सांगितलं तसं नाक सरळ धरलं, आणि जरा वेळाने सुई आपणहून जागेवर आली. मग खरंच तुमचं छत दिसलं. आईची चादर, आणि तिच्यावर निळा शर्ट, दोन्ही हात हलवत. मी पंख तीनदा हलवले. वरून जरा सुटल्यासारखे दिसलात, जेवण कमी करा. मग ‘फ्रॉम’ आलं, आणि मला पुढचं काही नीट दिसेना. डोळे पुसून मग उडवलं.

बसच्या वेळचं सगळं फिटलं. आता माझ्या मनात काही नाही.

तुमची,
ठकू

---

दि. ४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोरीचं पत्र सोबत जोडलं आहे. आधी ते वाच, मग माझं.

वाचलंस? छतावर मी नव्हतो. सकाळपासून सेट कुरकुरत होता. साडेदहाला छतावर निघालो आणि जिन्यातच लक्षात आलं की हा आता बसणार. वर गेलो तर ती येईल कशी, आणि खाली राहिलो तर तिला परत तेच दिसणार, बाप नाही. मग शर्ट काढून राखणदाराला घातला. तो माझ्या दीडपट. दोन बटणं तुटली. त्याला सांगितलं, हात हलव, थांबू नकोस.

सेट बसलाच. मी बनियनवर आत. दुसरा सेट सुरू केला, पण त्याची कळ सोडली की तोही बंद पडायचा, म्हणून ती दाबून उभा राहिलो. थोड्या वेळाने छपरावरून घरघर आली आणि गेली. तेवढीच माझी भेट. नखाएवढीही दिसली नाही.

आता ती लिहिते की सगळं फिटलं. खरं सांगितलं तर तिचं मन परत मोडतं, खोटं लिहायला हात धजत नाही. केंद्र बंद झालं, तरी रोज त्या खोलीत जाऊन बसतो. काय करू ते तूच सांग.

तुझा,
धाकटा

---

दि. १९ एप्रिल

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तीन आठवडे तुमचं पत्र नाही. आत्याला विचारलं तर तिने हवापाण्याचं लिहून पाठवलं. तेव्हाच संशय आला.

काल सर माझी वही तपासत होते. लाल झेंडी दहा पस्तीसला, तुमचं छत दहा बेचाळीसला. सरांनी विचारलं, सात मिनिटं आधी झेंडी कशी, केंद्र बंद पडलं होतं का. मी म्हटलं, हो, साधारण चाळीस सेकंद. आणि बोलता बोलताच लक्षात आलं. निळा शर्ट छतावर होता, तर दुसरा सेट कुणी सुरू केला?

राखणदारकाका हात छान हलवतात, त्यांना सांगा.

बाबा, तुम्ही बाहेर आला असतात तर मी पोचलेच नसते. रात्रभर हेच डोक्यात होतं. मी बसमध्ये बसले त्या दिवशीही कुणीतरी वर असणार. कुणाची तरी ठकू असेल, आणि तुम्ही तिला आत राहून घरी पोचवत असाल. दोन वर्षांत हे माझ्या मनात एकदाही आलं नाही.

परवाना मिळाला. पंधरा दिवसांची रजाही मिळाली. पंचवीस तारखेला सकाळच्या बसने येते. थांब्यावर या. आता मशीन नाही, सबब ऐकणार नाही. शर्ट काकांनाच राहू द्या. तुम्ही कुठलाही घालून या, मी ओळखेन.

तुमचीच,
ठकू