जर्सीवरून उसवलेलं नाव

रविवार, संध्याकाळ. रिसोड.

सकाळी मोबाइलवर बातमी. माह्या आवडत्या फुटबॉलपटूनं दम वाढवायचं औषध घेतलं, असा आरोप. ग्राउंडवर सारे मलेच हसून राह्यले, जसं काही मीच घेतलं! माह्या निळ्या जर्सीच्या पाठीवर त्याचंच नाव ना.

रागारागात रफिकभाईच्या दुकानात गेलो. भाई आमचे गोलकीपर, अन् धंद्यानं टेलर. नावाची पांढरी अक्षरं त्याइनंच शिवली होती. म्हनलं, "भाई, उसवा हे."

"आरोपच हाय ना रे? साबित कुठं झालं?"

पन मी कायले आइकतो! त्याइनं ब्लेडनं एकेक अक्षर काढलं, जर्सी झटकली अन् हसतच सुटले. पाच वर्षं उन्हात खेळून साऱ्या जर्सीचा रंग उडाला, अक्षरांखालचा कपडा मात्र गर्द निळाच. नाव जसंच्या तसं वाचता येते!

मीबी हसलो. एवढा काहून चिडलो होतो?

आता जर्सी समोर खुंटीवर हाय. नाव दिसून राह्यलं, अन् खरं सांगू, बरंच वाटून राह्यलं. आरोप खरा निघाला तं ऊन ते हळूहळू पुसून टाकीन. खोटा निघाला तं भाईनं अक्षरं बटनाच्या डब्यात जपून ठेवली हायेत. मले न विचारता.